पाण्याची तपासणी : नोंदवहीला विचारायचे की पाण्याला?



तपासणी हा शब्द तुम्हाला नवा नाही. पलंगावरची चादर, बुटांची पॉलिश, कपाटातल्या घड्या, परेडला उभे राहण्यापूर्वी पट्ट्याचे बक्कल असे रोज कोणी ना कोणी तुमचे काहीतरी तपासत असते. पण मैदानावरून आल्या आल्या ज्या नळाचे पाणी तुम्ही घटाघटा पिता, ते पाणी कोण तपासते आणि कसे तपासते, हे आपण सहसा विचारत नाही. या पाठात तेच पाहायचे आहे. शाळेत रसायनशास्त्र शिकवू लागण्यापूर्वी मी सैन्याच्या वैद्यकीय सेवेत होतो आणि पाण्याची तपासणी हा तिथल्या माझ्या कामाचा भाग होता. त्यामुळे हा विषय माझ्या जवळचा आहे.

पाठाचा गाभा आधीच सांगून ठेवतो. पाण्याच्या तपासणीत दोन गोष्टी समोर येतात. एक असते नोंदवही आणि दुसरे प्रत्यक्ष पाणी. दोन्ही एकच गोष्ट सांगतात की नाही, हे पडताळून पाहणे म्हणजे तपासणी. नुसती नोंदवही पाहून सही करणे म्हणजे तपासणी नव्हे. हा फरक न कळल्यामुळे एका सुखवस्तू देशातल्या एका छोट्या गावात सात माणसे दगावली. त्या गावाची हकिकत पुढे येईल. ती समजण्यासाठी आधी थोडे रसायनशास्त्र पाहू.

स्वच्छ दिसणे आणि सुरक्षित असणे

पेल्यातले पाणी नितळ आहे, वास नाही, चव चांगली आहे, एवढ्यावरून ते पिण्यायोग्य ठरत नाही. पटकी, विषमज्वर, हगवण, कावीळ यांचे जंतू आणि विषाणू डोळ्यांना दिसत नाहीत. ते बहुधा माणसाच्या किंवा जनावराच्या विष्ठेतून पाण्यात येतात. प्रत्येक रोगाचा जंतू वेगळा शोधत बसणे प्रयोगशाळेला परवडत नाही. म्हणून ई-कोलाय हा जिवाणू शोधतात. तो माणसाच्या आणि उष्ण रक्ताच्या जनावरांच्या आतड्यात राहतो. त्याचे बहुतेक प्रकार निरुपद्रवी असतात, पण तो पाण्यात सापडला तर त्या पाण्याला विष्ठेचा संसर्ग झाला आहे एवढे नक्की कळते. भारतीय मानक आयएस १०५०० (२०१२ ची आवृत्ती) सांगते की पिण्याच्या पाण्याच्या कोणत्याही १०० मिलिलिटर नमुन्यात ई-कोलाय आढळता कामा नये. इथे 'थोडासा चालेल' ही सवलत नाही.

या परीक्षेत एक अडचण आहे. नमुना प्रयोगशाळेत पोहोचून जिवाणू वाढून निकाल हाती येईपर्यंत एक-दोन दिवस जातात, आणि तोवर ते पाणी लोकांनी पिऊन झालेले असते. म्हणजे ही परीक्षा कालच्या पाण्याबद्दल सांगते. आज, या क्षणी नळातून येणारे पाणी सुरक्षित आहे का, हे सांगायला दुसरे मोजमाप लागते. ते म्हणजे अवशिष्ट क्लोरीन.

क्लोरीनचे गणित

पाण्यात क्लोरीन घातला की तो आधी पाण्यातल्या घाणीवर खर्च होतो. सेंद्रिय पदार्थ, अमोनिया, लोह हे सगळे त्याला खातात. या खर्चाला क्लोरीनची मागणी म्हणतात. मागणी भागल्यावर जो उरतो तो अवशिष्ट क्लोरीन. हिशेब सोपा आहे :

अवशिष्ट क्लोरीन = घातलेली मात्रा − पाण्याची मागणी

समजा आपण दर लिटरला २ मिलिग्रॅम क्लोरीन घातला आणि पाण्याची मागणी १.२ मिलिग्रॅम आहे. मग ०.८ मिलिग्रॅम उरेल. जोराचा पाऊस झाला, गढूळ पाणी स्रोतात उतरले आणि मागणी २.६ झाली, तर तोच २ मिलिग्रॅम पुरा पडणार नाही. उरणार शून्य. क्लोरीनचा पंप नेहमीसारखाच चालू असेल, पिंपही भरलेले असेल, पण जंतू मारायला क्लोरीन शिल्लक नसेल.

म्हणून अवशिष्ट क्लोरीन हा पाण्याचा पहारेकरी आहे. तो जागेवर असेल तर पुढे नळापर्यंतच्या वाटेत थोडा संसर्ग झाला तरी तो सांभाळून घेतो. तो अचानक नाहीसा झाला तर समजायचे की काहीतरी आत शिरले आहे. आपल्या मानकानुसार ग्राहकाच्या नळाशी तो किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर हवा आणि विषाणूंपासून संरक्षण हवे असेल तर किमान ०.५ हवा. शिवाय क्लोरीनला काम करायला वेळ द्यावा लागतो. साधारणपणे अर्धा तास थांबतात. आत्ता घातला आणि आत्ताच प्यायलो, असे चालत नाही.

दोन नोंदवह्या

वर्गात हा भाग शिकवताना मी फळ्यावर दोन नोंदी लिहितो. दोन पाणीपुरवठा योजनांच्या एका आठवड्याच्या अवशिष्ट क्लोरीनच्या या नोंदी आहेत. आकडे मीच उदाहरणादाखल घेतलेले असतात.

पहिली योजना : ०.५, ०.५, ०.५, ०.५, ०.५, ०.५, ०.५
दुसरी योजना : ०.४, ०.५, ०.३, ०.५, ०.१, ०.६, ०.४

मग विचारतो, 'तुम्ही निरीक्षक आहात. कोणत्या योजनेची काळजी वाटते?' बहुतेक हात दुसऱ्या योजनेसाठी वर येतात, कारण पाचव्या दिवशी ०.१ आहे. ते बरोबरही आहे. त्या दिवशी काय झाले हे विचारायलाच हवे. पण सहाव्या दिवशीचा ०.६ पाहा. कोणीतरी मोजले, कमी आढळले आणि मात्रा वाढवली, असे तो आकडा सांगतो. पहिल्या योजनेत मात्र सात दिवस पाणी जराही बदलले नाही. नदी, विहीर, ऊन, पाऊस, पंपाचा दाब यांपैकी काहीच बदलले नाही, असे ती वही म्हणते. खरे पाणी असे वागत नाही. निरीक्षकाने आधी थांबावे ते या पानावर.

हे कोडे नुसते वर्गापुरते नाही. आता त्या गावाकडे वळू.

वॉकरटन, मे २०००

कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातले वॉकरटन हे जेमतेम पाच हजार वस्तीचे गाव. गावाला विहिरींचे पाणी नळाने मिळे. त्यांतली पाच क्रमांकाची विहीर १९७८ साली खोदलेली आणि अगदी उथळ होती. तिला पाणी मिळे ते जमिनीखाली पाच ते आठ मीटरच्या थरातून. जवळच शेत होते. शेतकऱ्याने रीतीप्रमाणे शेतात शेणखत पसरले होते. पुढे झालेल्या चौकशीत त्याच्याकडे काही दोष आढळला नाही. ८ ते १२ मे या काळात जोराचा पाऊस झाला आणि खतातले जंतू झिरपून विहिरीत उतरले. त्यात ई-कोलायचा ओ-१५७ हा घातक प्रकार होता. त्याचे विष आतड्याला जखमा करते आणि लहान मुलांची व वृद्धांची मूत्रपिंडे निकामी करू शकते. सोबत कॅम्पायलोबॅक्टर हा दुसरा जिवाणूही होता.

वर शिकलेले गणित इथे लावून पाहा. घाण आली, मागणी वाढली, मात्रा मुळातच कमी होती. अवशिष्ट क्लोरीन संपला. त्या दिवशी कोणी विहिरीवर जाऊन नमुना घेतला असता आणि रंग पाहिला असता, तर रंग उमटलाच नसता. पाच मिनिटांचे काम होते. चौकशीत दिसले ते असे : कर्मचाऱ्यांनी विहिरीला भेट दिली, पंपाचे आकडे लिहिले, आणि क्लोरीनच्या रकान्यात न मोजताच ०.७५ असे लिहिले.

हे त्या दिवसापुरते नव्हते. वर्षानुवर्षे रकान्यात बहुधा ०.५ किंवा ०.७५ हेच दोन आकडे येत होते. क्लोरीन कमी घातला जाई, रोज मोजला जात नसे. जिवाणूंच्या परीक्षेसाठी नमुने एका ठिकाणी घेऊन बाटलीवर दुसऱ्याच ठिकाणाचे नाव लिहिले जाई.

१७ मे रोजी प्रयोगशाळेने नमुने दूषित असल्याचे पाणीपुरवठा मंडळाच्या महाव्यवस्थापकाला कळवले. १९ तारखेला रक्ताचे जुलाब झालेली मुले रुग्णालयात आल्यावर आरोग्य खात्याने विचारणा केली. तेव्हा त्याने पाणी ठीक असल्याचे सांगितले. अहवाल लपवला आणि दुसरीकडे जलवाहिन्या धुऊन जास्तीचा क्लोरीन घालायला सुरुवात केली. अखेर २१ मे रोजी आरोग्य खात्याने स्वतःच निर्णय घेऊन पाणी उकळून पिण्याची सूचना दिली. मधल्या दिवसांत गाव तेच पाणी पीत होते. सात जण मरण पावले. २,३०० हून अधिक लोक आजारी पडले, म्हणजे जवळजवळ निम्मे गाव. काही मुलांच्या मूत्रपिंडांना कायमची इजा झाली.

तुम्हाला वाटेल, ही माणसे दुष्ट असतील. न्यायमूर्ती डेनिस ओ'कॉनर यांच्या आयोगाने सविस्तर चौकशी केली, तेव्हा वेगळेच चित्र दिसले. महाव्यवस्थापक आणि त्याचा फोरमन भाऊ दोघेही ते पाणी स्वतः पीत. आपल्या विहिरींचे पाणी मुळातच चांगले आहे, क्लोरीनची फारशी गरज नाही, असे त्यांना मनापासून वाटे. क्लोरीनच्या चवीबद्दल गावकऱ्यांच्याही तक्रारी असत. तेव्हा नियमाला तोंडदेखला मान द्यायचा, रकाना भरायचा, काम भागले. परवाना त्यांना अनुभवाच्या जोरावर मिळाला होता. त्यासाठी कोणती परीक्षा द्यावी लागली नव्हती. २००४ मध्ये दोघांनी न्यायालयात गुन्हा कबूल केला. एकाला वर्षभराचा तुरुंगवास आणि दुसऱ्याला नऊ महिन्यांची घरातली कैद झाली.

या गोष्टीतला हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. खोटी नोंद करणाऱ्याच्या मनात बहुधा कोणाला इजा करायची नसते. 'याने काय होणार आहे?' एवढेच त्याच्या मनात असते. आणि बहुतेक दिवशी खरोखरच काही होत नाही. म्हणून तर ती सवय टिकते.

निरीक्षक आले होते

आता पाठाच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. वॉकरटनला तपासणी झाली नव्हती, असे नाही. प्रांताच्या पर्यावरण खात्याचे निरीक्षक १९९१, १९९५ आणि १९९८ साली येऊन गेले होते. १९९८ च्या तपासणीत शुद्ध केलेल्या पाण्यातही वरचेवर ई-कोलाय आढळल्याचे आणि अवशिष्ट क्लोरीन ०.५ पेक्षा कमी असल्याचे त्यांच्या लक्षातही आले होते. त्यांनी अहवाल पाठवला, सुधारणा करा म्हटले. मंडळाकडून सुधारणा करण्याचे आश्वासन मिळाले. त्यानंतर, मे २००० उजाडेपर्यंतच्या दोन वर्षांहून अधिक काळात, ती सुधारणा झाली का हे पाहायला कोणीही गेले नाही.

आयोगाने तपासणीतल्या ज्या उणिवा दाखवल्या, त्यांतल्या मुख्य चार मी माझ्या शब्दांत मांडतो.

पहिली : विहीर उथळ आहे आणि वरच्या पाण्याचा तिच्यावर परिणाम होतो, ही माहिती खात्याच्याच जुन्या कागदांत होती. तपासणीला निघण्यापूर्वी ती वाचली गेली नाही. त्यामुळे सगळ्यात कमजोर जागा कोणती, हे डोक्यात न ठेवताच पाहणी झाली.

दुसरी : रोजच्या नोंदी बारकाईने पाहिल्या गेल्या नाहीत. तेच ते आकडे पाहूनही शंका आली नाही.

तिसरी : दोष आढळल्यावर बंधनकारक आदेश न काढता सूचनेवर भागवले आणि पुन्हा जाऊन पाहिले नाही.

चौथी : क्लोरीन आणि गढूळपणा सतत मोजणारे, बिघाड होताच पंप बंद करणारे यंत्र त्या विहिरीवर बसवायला लावले नाही. ते असते तर हा उद्रेक टळला असता, असा आयोगाचा स्पष्ट निष्कर्ष आहे.

आयोगाची एक शिफारस तुम्हाला लगेच कळेल. काही तपासण्या आधी न कळवता व्हाव्यात, असे त्यात म्हटले आहे. कळवून केलेल्या तपासणीत कागदपत्रे हाताशी मिळतात, जबाबदार माणूस भेटतो. म्हणून तीही हवी. पण एरवीचा दिवस कसा असतो, हे न कळवता गेल्यावरच दिसते. तुमच्या कपाटाची शनिवारची अवस्था आणि मंगळवारची अवस्था यांतले अंतर तुम्हाला चांगले ठाऊक आहे! २००२ मध्ये ऑन्टारिओने पिण्याच्या पाण्यासाठी स्वतंत्र कायदा केला आणि तपासणीची घडी नव्याने बसवली.

आपल्याकडे

भारतात पाणी हा राज्यांचा विषय आहे. आयएस १०५०० हे मानक देशभर प्रमाण मानले जाते, पण सार्वजनिक नळयोजनांसाठी ते बंधनकारक नाही. देशभरासाठी एकच स्वतंत्र निरीक्षक यंत्रणाही नाही. नगरपालिका, पाणीपुरवठा विभाग, आरोग्य विभाग आपापल्या वाट्याची तपासणी करतात. ऑगस्ट २०१९ मध्ये जाहीर झालेल्या जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासण्याच्या संचाचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. जी बाई ते पाणी भरते, तिच्याच हाती तपासणी देणे, हा विचार मला फार पटतो.

महाराष्ट्रातल्या छात्रांनी सुट्टीत गावी गेल्यावर एक गोष्ट जरूर पाहावी. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर गावातल्या पिण्याच्या स्रोतांचे स्वच्छता सर्वेक्षण होते. विहिरीला कठडा आहे का, शेजारी गटार, उकिरडा, शौचालय आहे का, वाहिनीला गळती आहे का, टाकी धुतली जाते का, टीसीएल पावडर साठ्यात आहे का, हे पाहून ग्रामपंचायतीला कार्ड दिले जाते. लाल म्हणजे तीव्र धोका, पिवळे म्हणजे मध्यम, हिरवे म्हणजे कमी. सलग पाच वर्षे हिरवे कार्ड टिकवणाऱ्या आणि साथ न उद्भवलेल्या गावाला चंदेरी कार्ड मिळते. पाण्यात पावडर टाकणारा, ओटी टेस्ट करणारा, नमुने पाठवणारा गावचा जलसुरक्षक हा या साखळीचा पहिला दुवा. आपल्या ग्रामपंचायतीचे कार्ड कोणत्या रंगाचे आहे, हे विचारायला संकोच कशाला? पालकांनीही विचारावे.

नुसत्या क्लोरीनवर विसंबणेही धोक्याचे, हे दिल्लीने १९५५ मध्ये शिकवले. यमुनेचा प्रवाह सरकला आणि नजफगड नाल्याचे सांडपाणी वझिराबादच्या उपसा केंद्राकडे आले. धोका ओळखून क्लोरीन वाढवला गेला. जिवाणू मेले, विषमज्वराची साथ आली नाही. पण काविळीचा विषाणू तगला, आणि पुढच्या काही आठवड्यांत सुमारे २९,३०० लोकांना कावीळ झाली. ती आज आपण ज्याला हिपॅटायटिस-ई म्हणतो ती होती, हे बऱ्याच वर्षांनी कळले. म्हणून खरी तपासणी नळापासून नव्हे, उगमापासून सुरू होते.

हॉरॉक्सची पेटी

सैन्यात पाण्याचा स्रोत रोज बदलू शकतो. आज तलाव, उद्या ओढा, परवा कूपनलिका. प्रत्येक पाण्याची क्लोरीनची मागणी वेगळी. मग पावडर किती घालायची? पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश सैन्याच्या वैद्यकीय दलातले विल्यम हॉरॉक्स यांनी यावर काढलेली युक्ती आजही आपल्याकडे शिकवली जाते. युनिटमध्ये जवानांना ती शिकवताना मी एकच सांगत असे : पेटी उघडा, पाण्याला विचारा, ते स्वतः सांगेल.

पेटीत २०० मिलिलिटरचे सहा पांढरे पेले, आतून खूण असलेला एक काळा पेला, २ ग्रॅमचे चमचे, ढवळायच्या काचेच्या कांड्या, ड्रॉपर आणि स्टार्च-आयोडाइडचे द्रावण असते. काळ्या पेल्यात सपाट चमचाभर ब्लीचिंग पावडर घेऊन पातळ लगदा करायचा, खुणेपर्यंत पाणी घालून ढवळायचे आणि निवळू द्यायचे. सहा पांढऱ्या पेल्यांत तपासायचे पाणी भरायचे. मग निवळीचा पहिल्या पेल्यात एक थेंब, दुसऱ्यात दोन, असे सहाव्यापर्यंत घालायचे. प्रत्येक पेला वेगळ्या कांडीने ढवळायचा. अर्धा तास थांबायचे. नंतर प्रत्येकात स्टार्च-आयोडाइडचे तीन थेंब. जिथे क्लोरीन उरला असेल तिथे निळा रंग येतो. समजा, स्पष्ट निळा रंग तिसऱ्या पेल्यापासून दिसला, तर ४५५ लिटर पाण्याला तीन सपाट चमचे, म्हणजे ६ ग्रॅम पावडर लागेल.

या परीक्षेचे एक वैशिष्ट्य लक्षात घ्या. पावडर जुनी असेल, डबा उघडा राहून तिचा जोर गेला असेल, तरी उत्तर बिघडत नाही. तीच पावडर वापरून परीक्षा केल्यामुळे चमचे आपोआप वाढतात. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो आणि हवा-ओलाव्याने तो घटत जातो. नेहमीच्या अंदाजाने पावडर टाकणारा इथेच फसतो. आणि एकाही पेल्यात निळा रंग आला नाही, तर? मग पाणी फार दूषित आहे किंवा पावडर निकामी झाली आहे. तेही उत्तरच आहे, आणि वहीत तेच लिहायचे.

निरीक्षकाच्या सवयी

तुमच्यापैकी कोणी पुढे अभियंता होईल, कोणी डॉक्टर, कोणी कंपनीची कमान सांभाळेल. पाण्याची जबाबदारी कधी ना कधी अंगावर येईलच. तेव्हासाठी या सवयी आत्तापासून लावा.

१. निघण्यापूर्वी मागचा अहवाल वाचा. मागच्या वेळी सांगितलेले काम झाले का, हा पहिला प्रश्न.

२. उगमापासून नळापर्यंत पायी चाला. वाटेत टाकीचे झाकण, ओसंडून वाहणाऱ्या नळीची जाळी, व्हॉल्व्हच्या खड्ड्यातले पाणी, गटाराजवळून जाणारी वाहिनी पाहा. आपल्याकडे पाणी ठरावीक वेळी येते. पाणी बंद असताना वाहिनीतला दाब उतरतो आणि गळतीच्या जागेतून बाहेरची घाण आत ओढली जाते.

३. वही उघडण्यापूर्वी स्वतः मोजा. ओटीच्या थेंबांनी पाणी पिवळे होते, डीपीडीच्या गोळीने गुलाबी. रंग तक्त्याशी ताडून आकडा लिहा आणि मग वहीतला आजचा आकडा पाहा.

४. टोकाच्या नळाशी मोजा. टाकीजवळचा नळ नेहमीच चांगला निकाल देतो.

५. नमुन्याच्या बाटलीवर जागा आणि वेळ तिथल्या तिथे लिहा. जिवाणू परीक्षेच्या बाटलीत सोडियम थायोसल्फेट असते, ते धुऊन टाकू नका. ते क्लोरीनला थांबवते. थांबवले नाही, तर वाटेत जिवाणू मरतील आणि निकाल खोटा येईल.

६. वाईट आकडा लिहिणाऱ्याला रागावू नका. त्याला विचारा, 'पुढे काय केलेस?' वाईट आकड्यासाठी बोलणी खावी लागली की दुसऱ्या दिवसापासून वहीत फक्त चांगले आकडे येतात. ही गोष्ट अधिकाऱ्यांनी, शिक्षकांनी आणि आम्हा सगळ्या मोठ्यांनीही लक्षात ठेवण्यासारखी आहे.

७. मोजले नसेल तर 'मोजले नाही' असे लिहा. रिकामा रकाना पाहून कोणीतरी चौकशी करतो. खोटा आकडा पाहून सगळे निश्चिंत होतात.

स्वाध्याय

१. वसतिगृहाच्या टाकीत १०,००० लिटर पाणी आहे. हॉरॉक्स परीक्षेत दुसऱ्या पेल्यापासून निळा रंग आला. किती ग्रॅम ब्लीचिंग पावडर लागेल? (उत्तर : सुमारे ८८ ग्रॅम. ते कसे आले, हे वहीत करून दाखवा.)

२. आज सकाळी टाकीजवळ अवशिष्ट क्लोरीन ०.६ आणि भोजनगृहाच्या नळाशी शून्य मिळाला. वाटेत काय झाले असेल? निदान तीन शक्यता लिहा आणि प्रत्येक पडताळण्याचा मार्ग सांगा.

३. वॉकरटनमध्ये कोणत्या कोणत्या टप्प्यावर एका माणसाने खरे सांगितले असते, तर आजाऱ्यांची संख्या घटली असती? टप्पे क्रमाने लिहा.

४. शिक्षकांची परवानगी घेऊन, दोघा-दोघांच्या जोडीने, शाळेतल्या तीन नळांचे अवशिष्ट क्लोरीन सलग चौदा दिवस मोजा. रोजचा पाऊस आणि वेळही लिहा. दोघांनी आकडा वेगवेगळा वाचायचा आणि मगच एकमेकांना दाखवायचा.

चौथ्या प्रश्नाच्या वह्या मी स्वतः तपासणार आहे. आकडे वर-खाली झाले, एखाद्या दिवशी शून्य आले, एखाद्या दिवशी पावसामुळे जाता आले नाही, तर तसेच लिहून आणा. ज्या वहीत चौदा दिवस एकच आकडा असेल, त्या जोडीबरोबर मी पंधराव्या दिवशी नळावर येईन.